भट्टीलगतच्या भिंतीला काय लावावे?

बेकरीची भट्टी, हॉटेलातील तंदूर किंवा बिर्याणीच्या देगांची चूल नव्याने बसवायची ठरली की मालकाचे सारे लक्ष भट्टीवरच असते. वीट कोणती वापरायची, तोंड केवढे ठेवायचे, धुराडे किती उंच न्यायचे, याची चौकशी चार ठिकाणी होते. भट्टीलगतच्या भिंतीचा प्रश्न मात्र गवंडी हत्यारे आवरू लागला की निघतो आणि दुसऱ्या कुठल्या कामातून उरलेल्या टाइल्स लावून मिटवला जातो. सहा महिन्यांनी टाइल्स सुटतात, रंगाचे पोपडे पिठात पडतात, आणि दोष कारागिराच्या माथी येतो. हे नुकसान पैशाचे झाले. त्याहून मोठे नुकसान भिंतीच्या पलीकडे होऊ शकते आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात ही बाब विशेष नाजूक आहे. उल्हासनगर वसले ते दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना तेथील बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव पडले. एकेका बराकीचे भाग पाडून घरे झाली, दुकाने झाली. एकाच भिंतीच्या अलीकडे धंदा आणि पलीकडे संसार, ही रचना तेव्हापासूनची. अंबरनाथ-बदलापूरकडे जुन्या चाळी आहेत, नाहीतर तळमजल्यावर गाळे आणि वर बिऱ्हाडे अशा इमारती आहेत. गाळ्यातील भट्टीच्या मागच्या बाजूला काय असते? कोणाचे कपाट, कोणाचा पलंग, जिन्याखालची मीटरची पेटी, नाहीतर भिंतीत पुरलेली वायर. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते हळूहळू कडक होते, तडकते आणि एके दिवशी शॉर्टसर्किट होते. मग वर्तमानपत्रात आगीचे कारण शॉर्टसर्किट म्हणून छापून येते. वायर कशाने भाजली होती ते कोणी पाहत नाही.

न जळणे निराळे, उष्णता अडवणे निराळे

आपल्या कारागीर बांधवांनी एक गोष्ट प्रथम समजून घ्यावी, म्हणजे पुढचे सर्व सोपे होईल. जी वस्तू जळत नाही ती उष्णता अडवतेच असे नाही. दगड जळत नाही, लोखंडी पत्रा जळत नाही, टाइल जळत नाही. परंतु तिघेही उष्णता एका अंगाने घेऊन दुसऱ्या अंगाने सोडून देतात. ज्या फायर ब्रिकवर आपला एवढा भरवसा, ती घट्ट वीट तर साध्या लाल विटेपेक्षाही अधिक उष्णता पलीकडे नेते. तिचे काम ज्वाळेसमोर न फुटता टिकून राहणे एवढेच आहे. उष्णता अडवते ती अडकलेली हवा, किंवा जिच्या पोटात पुष्कळ हवा कोंडलेली आहे अशी पोकळ, हलकी वस्तू.

जाड भिंतीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. नऊ इंची भिंत सकाळी हात लावला तर थंड लागते, दुपारीही फारशी तापलेली नसते, म्हणून मालक निश्चिंत होतो. वस्तुतः जाड भिंत उष्णतेला उशीर लावते, थांबवत नाही. भट्टी रोज चार तास पेटून रात्री विझत असेल तर भिंतीला निवायला वेळ मिळतो. पण रमजानात काय होते? दिवसा पाव-खारी, संध्याकाळी इफ्तारचे जिन्नस, रात्री सहरीसाठी नान, शेवटच्या दहा दिवसांत ईदची नानखटाई. भट्टी विझतच नाही. भिंत निवण्याआधी पुन्हा तापते आणि हळूहळू पलीकडची बाजूही त्याच तापमानाकडे सरकते. अकरा महिने बिनतक्रार चाललेली भिंत बाराव्या महिन्यात धोक्याची होते ती यामुळे.

लाकडाचा गुण येथे विशेष ध्यानात घ्यावा. ताजे लाकूड साधारण अडीचशे ते तीनशे अंशांना पेट घेते हे खरे. परंतु तेच लाकूड वर्षानुवर्षे शंभर अंशांच्या आसपास भाजत राहिले तर आतून कोळसा होत जाते आणि मग पुष्कळच कमी तापमानाला धुमसू लागते. दहा वर्षे काही झाले नाही, आता काय होणार, हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे. जुन्या भट्टीमागची लाकडी चौकट नव्या चौकटीपेक्षा अधिक घातक असते.

कोठे काय चालते

भिंतीचे तीन पट्टे करावेत: ज्वाळेला भिडणारा, हाताच्या अंतरावरचा आणि त्यापलीकडचा. सर्व भिंतीला एकच वस्तू लावण्याचा हट्ट हे निम्म्या तक्रारींचे मूळ आहे.

ज्वाळेला भिडणाऱ्या भागात, म्हणजे भट्टीचे तोंड, तंदूरचा काठ आणि धुराड्याचा पहिला पल्ला येथे, फायर ब्रिकला पर्याय नाही. बाजारात ही वीट भारतीय मानकाच्या क्रमांकाने मिळते. मध्यम उष्णतेसाठी आयएस ६ आणि अधिक उष्णतेसाठी आयएस ८. पावाच्या भट्टीत आतले तापमान साधारण अडीचशे-तीनशे अंश असते, तंदूरची भिंत चारशेच्या पुढे जाते, आणि ज्वाळेचे टोक त्याहून कितीतरी वर. विटा फायर-क्लेच्या मातीत, दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक सांध्यात बसवाव्यात. येथे गवंडी सवयीने सिमेंट घालतो. माल लवकर घट्ट होतो, काम उरकते आणि सहा महिन्यांत सांधे भुगा होऊन गळू लागतात. कारण चारशे अंशांच्या पुढे सिमेंटमधील चुन्याचा अंश सुटा होतो. भट्टी विझल्यावर तो हवेतील ओल पिऊन फुगतो आणि सांधा फोडतो. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या भट्टीला नंतर तडे दिसतात त्याचे रहस्य पुष्कळदा हेच असते.

रेतीचेही असेच आहे. पांढऱ्या, चकाकणाऱ्या रेतीत गारगोटीचे कण असतात. ही गारगोटी ५७३ अंशांना आपले रूप बदलते आणि एकदम फुगते. म्हणून भट्टीजवळच्या गिलाव्यात विटांचा चुरा, म्हणजे आपली जुनी सुरखी, उत्तम. ठाणे जिल्ह्याच्या खाणींतून येणारा दगडाचा चुरा काळ्या दगडाचा असतो, त्यात गारगोटी जवळजवळ नसते. नेहमीच्या कामात गवंडी ज्या चुऱ्याला नाके मुरडतो तो येथे रेतीपेक्षा सरस ठरतो. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी भरपूर असते. म्हणून भट्टीच्या तोंडाभोवती चकचकीत ग्रॅनाइटची चौकट बसवणे म्हणजे पैसे देऊन तडा विकत घेणे. ज्या काळ्या दगडात अंबरनाथचे १०६० मधील शिवमंदिर उभे आहे तो बेसाल्ट यापेक्षा पुष्कळ सोशिक. मात्र तोही ओला असताना जोरात तापवू नये.

दुसरा पट्टा भट्टीच्या बाहेरच्या अंगाचा आणि तिला लागून असलेल्या भिंतीचा. खरी निवड येथेच करायची असते. चुना-सुरखीचा गिलावा येथे शोभतो आणि टिकतो. तो सिमेंटइतका ताठर नसतो, भिंतीबरोबर थोडा हलतो, आणि केसभर तडा गेला तरी पुन्हा चुन्याचा हात मारून दुरुस्त होतो. तंदूर लावणारे जुने उस्ताद चिकणमातीत भुसा, बकरीचे केस, गूळ कालवून लिंपण करतात, त्याला कोणी गावठी म्हणून हसू नये. भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. हीच ती अडकलेली हवा.

या पट्ट्यात पीओपी मुळीच नको. जिप्समच्या पोटात पाणी बांधलेले असते. पन्नास अंशांच्या वर सतत तापत राहिले की ते सुटू लागते आणि मागे उरते ती नुसती भुकटी. जिप्समचा बोर्ड आग लागल्यावर काही काळ तग धरतो हे खरे, पण ते एकदाच. रोजच्या शेकासाठी तो नाही. पीव्हीसीचे पॅनेल तर ऐंशी अंशांच्या आतच मऊ पडते आणि जळले तर त्याचा धूर घसा जाळतो. ॲल्युमिनियमसारखे दिसणारे एसीपीचे तक्ते हल्ली दुकानाच्या दर्शनी भागाला सर्रास लावतात. स्वस्त तक्त्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असते. तंदूर दुकानाच्या तोंडाशी मांडून वर एसीपीची पाटी लावलेली किती ठिकाणी दिसते!

टाइल्सविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मालक हटकून त्याच मागतो. टाइल स्वतः हजार अंशांच्या आसपास भाजलेली असते, तिला भट्टीची भीती नाही. सुटतो तो तिच्या मागचा माल. पिशवीत मिळणाऱ्या चिकट मालात पॉलिमर असते आणि ते फार उष्णता सोसत नाही. पिशवीवर मर्यादा छापलेली असते ती वाचावी. शिवाय टाइल आणि गिलावा वेगवेगळ्या मापाने फुगतात. म्हणून भट्टीच्या अंगाला टाइल लावूच नये. हाताच्या अंतरावर लावायची असेल तर छोट्या आकाराची, रुंद सांध्याची लावावी. दोन फुटी गुळगुळीत टाइल येथे हमखास पोकळ वाजू लागते.

अन्नसुरक्षा खात्याचे म्हणणे आणि आगीचे म्हणणे येथे एकमेकांच्या आड येते. खाद्यपदार्थ व्यवसायाच्या परवान्यासंबंधी २०११ चे जे नियम आहेत त्यांच्या चौथ्या परिशिष्टानुसार भिंती गुळगुळीत, पाणी न शोषणाऱ्या, धुता येणाऱ्या आणि पोपडे न सुटणाऱ्या हव्यात. चुन्याचा गिलावा या कसोटीला उतरत नाही, टाइल आगीच्या कसोटीला उतरत नाही. यातून निघण्याचा मार्ग म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पत्रा, पण भिंतीला चिकटवून नव्हे. भिंतीपासून एक इंच पुढे, न जळणाऱ्या ठोकळ्यांवर, खाली आणि वर मोकळी फट ठेवून तो उभा करावा. पत्रा तापला की मागची हवा तापून वर निघून जाते आणि खालून थंड हवा येते. भिंत कोरडी आणि निवांत राहते. पत्रा रोज पुसता येतो. वरची फट शोभेसाठी कोणी पट्टी लावून बुजवली की सारा खेळ संपला, हे गिऱ्हाइकाला बजावून सांगावे. आठ फुटी पत्रा दीडशे अंशांनी तापला तर सुमारे सहा मिलिमीटर लांब होतो. म्हणून स्क्रूची भोके लांबट ठेवावीत, नाहीतर पत्रा ढोलासारखा फुगून वाजत राहील. जस्ताचा पत्रा स्वस्त पडतो, पण जस्त ४२० अंशांना वितळते आणि त्याआधीच त्याचा थर खराब होऊ लागतो. ज्वाळेजवळ तो नको.

अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या एनएफपीए २११ या मानकातही या मोकळ्या फटीला मोठे वजन आहे. लाकूडफाट्यावर चालणारी शेगडी जळणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच दूर ठेवावी. मध्ये असा हवा खेळता पत्रा उभा केला तर १२ इंच चालते. बदलापूर-कर्जतकडे कोणी फार्महाउसच्या दिवाणखान्यात खरोखरीची लाकडे जाळण्याची शेकोटी मागितली, आणि भोवती सागवानी चौकट हवी म्हणाला, तर तिकडच्या नियमात तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड बसतच नाही, हेही सुतार बांधवांनी सांगावे. आपल्याकडे मागणी असते ती बहुधा विजेच्या खोट्या ज्वाळेची. तेथे प्रश्न निराळा.

तिसऱ्या पट्ट्यात नेहमीचा गिलावा, टाइल्स, रंग सर्व चालते. तेथे वेळ घालवण्याचे कारण नाही. फक्त भट्टीच्या डोक्यावरचे छत त्यात धरू नये, कारण गरम हवा तेथेच साचते. सिमेंटचे पत्रे आगीत फटाक्यासारखे फुटतात. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. तो कापताना आणि फुटताना उडणारी धूळ फुप्फुसाला कर्करोगापर्यंत नेते. पूर्वी चुलीमागे मुद्दाम ॲस्बेस्टॉसचा तक्ता लावत असत. तो निघाला तर ओला करून, न फोडता उचलावा, आणि त्याजागी कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड बसवावा. छत काँक्रीटचे असेल तर भट्टी खांबाला किंवा बीमला टेकवू नये. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. त्याची कारणे वेगळी होती, परंतु जुन्या स्लॅबमध्ये आधीच काय शिल्लक आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्याला रोज शेकू नये.

पलीकडची बाजू

शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. धंद्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा की भट्टी आणि सामाईक भिंत यांच्यात उष्णता अडवणारा थर हवाच. सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट यासाठी चांगले. त्याच्या एका इंचाचे काम करायला विटांची सहा-सात इंच जाडीही पुरत नाही. ते उघडे मात्र ठेवू नये, त्याचे तंतू त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात. हातमोजे, तोंडावर मास्क लावून बसवावे आणि पत्र्याने किंवा गिलाव्याने झाकावे. जागा असेल तर भट्टीच सामाईक भिंतीपासून सुटी बांधून मध्ये वाऱ्याला वाट ठेवणे सर्वांत स्वस्त.

भट्टीभोवती मीठ, वाळू आणि काचेचा चुरा भरण्याची जुनी रीत आहे. तिने भट्टी गरम राहते हे खरे. पण मीठ ओल ओढते. ते सामाईक भिंतीला लागून भरले तर पावसाळ्यात पलीकडच्या घरात लोणा फुटतो, गिलावा गळतो आणि भिंतीतले लोखंड गंजते. तेथे नुसती वाळू आणि काच भरावी.

तपासणी सोपी आहे. भट्टी दिवसभर चालल्यावर, शेजाऱ्याच्या परवानगीने, त्याच्या बाजूने भिंतीला मेणबत्तीचा पातळ तुकडा अर्धा तास टेकवून ठेवावा. मेण साधारण पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान वितळते. तुकडा मऊ पडून वाकला तर भिंतीला आणखी थर हवा. तापमान दाखवणारी बंदूक हल्ली स्वस्त मिळते, पण चकाकणाऱ्या स्टीलवर ती फार कमी आकडा दाखवते. पत्र्यावर काजळीचा काळा ठिपका काढून त्यावर रोखावी.

आपल्याकडच्या पावसाचा हिशेबही धरावा लागतो. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या भिंती आतपर्यंत भिजल्या. भिजलेली भिंत किंवा नवा गिलावा एकदम तापवला तर आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. ती जागा ती भिंत फोडून मिळवते. आठवडाभर वाऱ्याने सुकू द्यावे. मग पहिल्या दिवशी दोन तास हलकी आच, दुसऱ्या दिवशी थोडी अधिक, असे पाच-सहा दिवस चढवत न्यावे. धंदा बंद राहतो म्हणून मालक घाई करतो. कारागिराने येथे नमते घेऊ नये.

जळणाचाही भिंतीशी संबंध आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून निघणारे प्लायवूडचे आणि सनमायका लावलेले तुकडे फुकट मिळतात म्हणून भट्टीत जातात. त्यातील गोंद आणि रंग यांचा धूर चिकट काजळी होऊन भिंतीवर आणि धुराड्यात बसतो, आणि हीच काजळी पुढे पेट घेते. पावाला तो धूर लागतो ते वेगळेच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना व भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तो आदेश मुंबईपुरता होता, तरी इकडे जो आज नवी भट्टी बांधतो त्याने आधी आपल्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत चौकशी करावी, आणि भिंतीचे काम असे करावे की उद्या गॅसची किंवा विजेची भट्टी आली तरी ते उपयोगी पडेल. पत्रा, मागची फट आणि ब्लँकेट हे तिन्ही तेव्हाही लागतात. गॅसच्या भट्टीचीही पाठ तापतेच.

राहिला प्रश्न भावाचा. जो गवंडी ब्लँकेट आणि फट धरून दर सांगतो तो नेहमी महाग ठरतो, कारण त्याने घातलेला थर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रक एका रकमेत देऊ नये. फायर ब्रिक, माती, ब्लँकेट, पत्रा, सुकवण्याचे दिवस असे वेगळे लिहावे, आणि मालकाने एखादी बाब गाळायला सांगितली तर ती त्याच्या सांगण्यावरून गाळली हे त्याच कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. झाकण्यापूर्वी आतल्या थराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जुन्या भट्ट्यांची पाहणी शाबान महिन्यातच करावी, म्हणजे दुरुस्ती निघाली तर गिलावा सुकायला पंधरा-वीस दिवस हाती राहतात. चाँदरातीला कोणी भट्टी विझवत नाही.